कडीकोयंड्याची टिपणं

१
वसई पूर्व, गोखिवरे. शाळासोबत्याची फॅब्रिकेशनची शेड. रविवार, म्हणून कामगार दोनच. टेबलावर पाच वस्तू मांडल्या: प्लास्टिकच्या वेष्टनातली गुंडाळी केबल, ब्रेकच्या डिस्कला लावायचं पिवळं कुलूप, हार्डवेअरच्या दुकानातली आठ मिलिमीटरची साखळी, पाकिटावर ‘हेवी ड्यूटी’ लिहिलेली चौकोनी कड्यांची दहा मिलिमीटरची साखळी, आणि भाच्याने लंडनहून आणलेली तेरा मिलिमीटरची एक. शेवटची उचलून ठेवताना टेबल हललं.

२
हे का करतोय ते आधी लिहून ठेवतो. माझी गाडी नालासोपारा स्टेशनबाहेरून गेली. हँडल लॉक केलं होतं. चावी खिशात होती. अजून आहे.

३
एफआयआरमधलं वाक्य: कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझ्या संमतीशिवाय लबाडीच्या इराद्याने चोरून नेली. ठाणे अंमलदारांनी टाइप केलं, मी वाचून सही केली. ‘माझ्या संमतीशिवाय’ या दोन शब्दांवर बराच वेळ अडकलो होतो.

४
केबल. बाहेरून बारा मिलिमीटर. ब्लेडने प्लास्टिक सोललं. आत तारांचा पीळ, व्हर्नियरवर चार. बाकी सगळं प्लास्टिक. बोल्ट कटर एकदाच दाबला. मोबाइलवरचं घड्याळ सुरू करेपर्यंत दोन तुकडे झाले होते.

शेडमधल्या कामगाराने ते उचलले, टोकाला टोक जुळवून पाहिलं. दारात त्याची स्कूटर उभी होती. तिला तसलीच केबल, फक्त रंग वेगळा. तो काही बोलला नाही, दुपारी जेवायला गेला तेव्हा स्कूटर शेडच्या आत घेऊन ठेवली.

५
कानस. तपासणीचं यंत्र म्हणावं तर हे सगळ्यात स्वस्त. त्रिकोणी कानस घेतली आणि कडीच्या कोपऱ्यावर ओढली.

आठ मिलिमीटरच्या साखळीवर ती चावली. जड खरखरीत आवाज, बोटाला लागणारा चुरा, आणि कडीवर चकचकीत खाच. ‘हेवी ड्यूटी’वाल्या साखळीवर पहिल्या ओढीला घसरली, चौथ्या ओढीला चावली. म्हणजे वर कडक थर आहे, पण पापुद्र्याएवढा. लंडनच्या साखळीवर ती काचेवरून निसटावी तशी निसटत राहिली. आवाज बारीक, किणकिणता. वीस ओढींनंतर कडीचा फक्त मुलामा गेला होता. कानशीच्या दातांवर मात्र पांढरा पट्टा उमटला होता.

मित्र म्हणाला, “हे तू दुकानातही करू शकतोस, विकत घ्यायच्या आधी. दुकानदार नको म्हणाला तर घेऊच नको.”

६
पोलाद नुसतं कडक केलं तर काचेसारखं तडकतं, हातोड्याने फुटतं. नुसतं चिवट ठेवलं तर कटर त्यात शिरतो. साखळीला दोन्ही लागतं, वरून कडक आणि गाभ्यात चिवट. गिअरच्या दात्यांना हेच करतात. भट्टीत कार्बन मुरवायचा, मग तेलात बुडवायचं, मग पुन्हा मंद तापवून ताण काढायचा.

शेडच्या मागच्या गल्लीत हीट ट्रीटमेंटवाला आहे. त्याला विचारलं, साखळ्यांना हे का करत नाही?

“ऑर्डर कोण देणार?”

७
२४ इंची कटर: केबल आणि आठ मिलिमीटरची साखळी, दोन्ही एका दाबात. ३६ इंची कटर: ‘हेवी ड्यूटी’वाली. हवेत धरून दाबली तेव्हा तुटली नाही. जमिनीवर ठेवली, कटरचा एक दांडा फरशीला टेकवला, दुसऱ्यावर मित्राने अंगाचा सगळा भार टाकला. तुटली. त्याचं वजन ८२ किलो.

लंडनवाली तशीच ठेवली. कडीवर दोन पुसट रेघा. कटरच्या जबड्याला खाच पडली. मित्राने कटर उजेडात धरून पाहिला आणि पुढचा अर्धा तास माझ्याशी तुटक बोलत होता. कटरचे पैसे मी दिले.

८
साखळी जमिनीला टेकू द्यायची नाही. ताणून, चाकातून आणि चौकटीतून, शक्य तितकी वर.

९
अर्नाळ्याच्या मावशी मासळी घेऊन पहाटे स्कूटरवर बाजारात येतात. स्कूटर बोटीच्या नांगराच्या साखळीने बांधतात. त्यांना विचारून कानस लावली. सहज चावली. समुद्रासाठी जस्ताचा मुलामा दिलेली, पण आतलं लोखंड मऊ. मात्र कडी चौदा मिलिमीटरची. २४ इंची कटरच्या जबड्यात ती मावेचना.

घरी त्याच जाडीचा तुकडा आणून हॅक्सॉने कापून पाहिला. तीन मिनिटांत एक बाजू, शांतपणे, फारसा आवाज न होता. तोच हॅक्सॉ लंडनच्या साखळीवर चालवला तर पातं सपाट झालं.

मावशींना दोन्ही तुकडे दाखवले. त्यांनी मऊ तुकड्यातली खाच नखाने तपासली. “मग मी काय करू रे बाबा, ही घरातच पडलेली होती.”

त्यांना उत्तर देता आलं नाही. तेरा मिलिमीटरची कडक साखळी त्यांच्या दोन आठवड्यांच्या नफ्याची आहे.

१०
ग्राइंडर. चार इंची, एक मिलिमीटर जाडीचं कटिंग व्हील. आठ मिलिमीटर: मोजायचीही गरज नाही. ‘हेवी ड्यूटी’: एका बाजूला सात सेकंद. लंडनवाली: एका बाजूला २६ सेकंद, आणि कडी पूर्ण सोडवायला दोन्ही बाजू कापाव्या लागल्या, कारण साखळी जाड असल्यामुळे एका फटीतून पुढची कडी निसटत नाही. दुसरी बाजू कापताना कडी हलायला लागली, चाक अडकून फुटलं. नवीन चाक लावलं. एकूण पावणेदोन मिनिटं.

शेडभर ठिणग्या. कापल्या टोकाला हात लावायला नंतरही बराच वेळ लागला.

११
पावणेदोन मिनिटं. मध्यरात्री आमच्या गल्लीत ग्राइंडरचा आवाज आला तर तीन इमारतींचे दिवे लागतील. वालीवच्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यावर दुपारी बारा वाजता तोच आवाज आला तर कोणी मान वर करणार नाही. साखळी तीच.

१२
बायकोने वही वाचली. “हे छापून आलं तर चोरांना आयतं शिकवल्यासारखं नाही का?”

हा प्रश्न १८५१ मध्येही विचारला गेला होता. लंडनच्या पिकॅडिलीत जोसेफ ब्रामाच्या दुकानाच्या काचेत १७९० पासून एक कुलूप ठेवलेलं होतं, उघडणाऱ्याला २०० गिनी. ६१ वर्षं ते कोणी उघडलं नाही. मग जागतिक प्रदर्शनासाठी आलेल्या आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपकाराने सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपून ते उघडलं. त्याआधी त्याने चब कंपनीचं प्रसिद्ध ‘डिटेक्टर’ कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडलं होतं. इंग्लंडमध्ये खळबळ माजली. त्याच्या बाजूच्या लोकांचं म्हणणं साधं होतं: चोरांना हे आधीपासून ठाऊक असतं, ठाऊक नसतं ते गिऱ्हाइकाला.

बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, “मग काय टिकतं तेवढं लिही. हँडल लॉक कसं तोडतात ते लिहू नको.” म्हणून ते या वहीत नाही.

१३
वसईचा किल्ला. सकाळी साडेसहा. जाड भिंती, दरवाजांपुढे वळणं. १७३९ च्या वेढ्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने सुरुंग लावले ते बुरुजांच्या तळाशी. किल्ला मे महिन्यात पडला.

त्या वेढ्यातल्या विजयात हाती आलेल्या घंटा आज नाशिकला नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला टांगलेल्या आहेत. वसईहून सह्याद्री चढून नेल्या. तेव्हा रेल्वे नव्हती, टेम्पो नव्हता. तरी जड वस्तू उचलून नेता आली.

१४
डिस्कचं पिवळं कुलूप. पीन कडक, कानस घसरली. कुलूप चांगलं आहे. मग मित्र आणि दोन कामगारांनी माझी नवी गाडी, १२५ सीसी, पुढचं चाक बंद असताना उचलली आणि मालाच्या टेम्पोच्या हौद्यात ठेवली. तिघे. अकरा सेकंद. कुलपाला कोणी हात लावला नाही.

१५
म्हणून गाडी कशाला तरी बांधायला हवी. नालासोपारा पूर्वेला स्टेशनपासून आचोळ्यापर्यंत चालत गेलो, बांधता येईल अशा वस्तू मोजत. विजेचे खांब: बांधू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ‘नो पार्किंग’चे लोखंडी पाइप: तळाशी दोन बोल्ट, हाताने हलतात. झाडं: चार. रेलिंग: एका ठिकाणी, वेल्डिंग सुटलेलं. गटारावरच्या जाळ्या: उचलता येतात. गाड्या: मोजणं सोडून दिलं.

१६
सोसायटीची मासिक सभा. विषय क्रमांक चार: पार्किंगमध्ये गाड्या बांधायला जमिनीत लोखंडी कडी बसवणे.

सेक्रेटरी काकांचा आक्षेप, फरशी फुटेल. दुसऱ्या मजल्यावरच्या ताई म्हणाल्या, लहान मुलं अडखळतील. मी म्हटलं, भिंतीत बसवू. काका म्हणाले, पेव्हर ब्लॉकमध्येच बसवा ना, तो काढता-घालता येतो. तेच तर. पेव्हर ब्लॉक वाळूवर बसवलेला असतो, पहारेने दोन मिनिटांत कडीसकट वर येतो. खाली आरसीसी पाहिजे, किंवा खड्डा खणून काँक्रीट भरून त्यात कडीचे पाय वळवून गाडायला पाहिजेत.

ठराव पुढच्या सभेपर्यंत स्थगित.

१७
स्टेशन रोडवरच्या एकाच ठेल्यावरून, एकाच कंपनीची सहा केबल लॉकं घेतली. सहा कुलपं, सहा चाव्या. प्रत्येक चावी प्रत्येक कुलपात घालून पाहिली. तिसऱ्या कुलपाची चावी पाचव्याला चालली. पाचव्याची तिसऱ्याला. पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

अशी दोन कुलपं वापरणारी दोन माणसं विरारच्या एकाच पार्किंगमध्ये शेजारी गाड्या लावत असतील, आणि दोघांनाही आयुष्यभर कळणार नाही.

१८
१८९७ मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी लालबागच्या एका शेडमध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली. मुंबईतल्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. वकिली सोडून आलेला माणूस.

१९
पाकिटांवरचे शब्द उतरवून घेतले: ‘हेवी ड्यूटी’, ‘प्रीमियम’, ‘अँटी थेफ्ट’, ‘अनब्रेकेबल’, ‘हार्ड स्टील’. जाडी लिहिलेली: दोन पाकिटांवर. वजन: एकावर. कोणत्या हत्यारासमोर किती वेळ टिकेल: एकावरही नाही.

लंडनच्या साखळीच्या खोक्यावर ‘सोल्ड सिक्युअर’चा शिक्का आहे. १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये पोलीस आणि गृहखात्याच्या मदतीने सुरू झालेली ही संस्था. प्रशिक्षित माणसं ठरावीक हत्यारं घेऊन, घड्याळ लावून कुलपावर हल्ला करतात. टिकलं तर ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड. नेदरलँड्समध्ये ‘एआरटी’ ही संस्था तारे देते. तिथल्या विमा कंपन्या विचारतात, कुलूप कितव्या दर्जाचं?

गिऱ्हाईक काय मागतं तर एक अक्षर, एक आकडा. आमच्या ठेल्यावरच्या पाकिटावर तो छापायला शाईही फार लागणार नाही. हा आकडा आपल्याकडे यावा असं मला मनापासून वाटतं. या वहीचं कारण तेच.

२०
आपल्याकडे तपासणारं कोणी नाही असं मात्र नाही. पुण्यात कोथरूडच्या वेताळ टेकडीवर एआरएआय ही १९६६ मध्ये स्थापन झालेली संस्था आहे. देशातल्या गाड्या तिथे तपासल्या जातात. एआरएआयने मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण गाडीत बसवलं तर विम्याच्या ‘ओन डॅमेज’ हप्त्यात अडीच टक्के सूट, कमाल ५०० रुपये, असा जुन्या मोटर टॅरिफचा नियम.

माझा ओन डॅमेज हप्ता ८०० रुपये. अडीच टक्के म्हणजे वीस रुपये. विरार स्टेशनच्या पार्किंगचा माझा एका दिवसाचा खर्च.

२१
नवी नंबरप्लेट, एचएसआरपी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची, नंतर महाराष्ट्रात जुन्यांनाही. वसईत एमएच ४८. क्रोमियमचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवलं की पुन्हा वापरता न येणारं स्नॅप लॉक. ते काढायचं तर तोडावंच लागतं.

गाडीवरचं सगळ्यात पक्कं कुलूप नंबरप्लेटला.

२२
विमा. थर्ड पार्टी पॉलिसीत चोरीची भरपाई बसत नाही. पूर्ण विमा असेल तर गाडीची ठरलेली किंमत, आयडीव्ही, मिळते. ती वयानुसार उतरते: सहा महिन्यांत पाच टक्के, वर्षाच्या आत पंधरा, दोन वर्षांत वीस, तीनमध्ये तीस, चारमध्ये चाळीस, पाचमध्ये पन्नास.

दोन्ही मूळ चाव्या मागतात. माझी दुसरी चावी २०१८ च्या जुलैत, पुरात, तळमजल्यावरच्या कपाटाबरोबर गेली होती. हे पत्राने कळवलं. उत्तर आलं की कृपया दोन्ही मूळ चाव्या सादर कराव्यात.

हे ज्यांना लागेल त्यांच्यासाठी: चोरी झाल्यावर एफआयआर लगेच नोंदवली असेल, तर विमा कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावरून दावा नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालय, गुरशिंदर सिंग प्रकरण, जानेवारी २०२०. एफआयआरला मात्र उशीर नको.

२३
खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या तीन गाड्या गेल्या, एकाच गल्लीतून. पहिल्या एफआयआरवर ठाणे ग्रामीणचा शिक्का. दुसरीवर पालघर पोलिसांचा, कारण १ ऑगस्ट २०१४ ला जिल्हा वेगळा झाला. तिसरीवर मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय, सुरू १ ऑक्टोबर २०२०. तिन्ही कागद त्यांनी एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेत, रेशन कार्डाच्या मागे.

गल्लीतल्या दिव्याचा खांब तोच. दिवा बंद.

२४
‘अ’ समरी: गुन्हा खरा, आरोपी सापडत नाही. माझ्या प्रकरणाचा शेवट.

२५
पोलीस ठाण्याच्या आवारात सापडलेल्या गाड्या. रांगेत, एकीला एक टेकून. सीटवर गवत. एका टाकीवर चिठ्ठी चिकटवलेली, पावसाने शाई उतरून जांभळी रेघ झालेली. सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं की जप्त वाहनं अशी पडून राहू देऊ नयेत, योग्य हमी घेऊन लवकर परत द्यावीत. मालकाला अर्ज करता येतो, हे मालकालाच माहीत नसतं.

एका गाडीच्या चाकात अजून साखळी होती. कुलूप बंद. गाडी चोरीला गेली, सापडली, आणि साखळी तशीच. बहुतेक उचलून नेली असावी. मी तिच्यापाशी बराच वेळ उभा राहिलो.

२६
खारी हवा. नायगावपासून अर्नाळ्यापर्यंत कुठलंही कुलूप पहिल्या पावसाळ्यात जड होतं, दुसऱ्यात अडतं. तेल सोडलं तर त्यावर धूळ बसून लगदा होतो. चावीवाल्याने पेन्सिलीचं शिसं किसून दिलं. ग्रॅफाइटची पूड. चावीला लावून चार वेळा फिरवायची. भोकावर झाकण असलेलं कुलूप घ्यायचं, आणि भोक खाली येईल असं लावायचं. पाणी आत थांबत नाही.

२७
तरीही माझं अडलं. ऑगस्ट, विरार पश्चिम, रात्री साडेनऊ. चावी अर्धी फिरून थांबली. चावीवाल्या भाऊंनी दहा मिनिटं प्रयत्न करून ग्राइंडर काढला. वीज कुठून आणायची? ज्यूसवाल्याने मिक्सरची पीन काढून आपला बोर्ड दिला. एक गिऱ्हाईक साखळी ताणून धरायला पुढे आलं, “डोळे सांभाळा” म्हणालं. ठिणग्या पाहायला दोन मुलं थांबली.

बोर्ड शोधण्यात बारा मिनिटं गेली. कापायला नऊ सेकंद.

गाडी माझीच आहे का, हे कोणी विचारलं नाही. मी सगळ्यांचे आभार मानले. ज्यूसवाल्याने विजेचे पैसे घेतले नाहीत. चांगली माणसं होती. घरी येताना गाडीवर भीती वाटत राहिली.

२८
सप्टेंबर २००४, अमेरिका. सायकलींची आणि मोटरसायकलींची नामांकित यू आकाराची कुलपं, गोल नळीसारख्या चावीची, साध्या बॉलपेनच्या नळीने उघडतात हे लोकांसमोर आलं. क्रिप्टोनाइट कंपनीने ती बदलून दिली. ब्रिटनमधल्या एका मासिकात हे १९९२ मध्येच छापून आलं होतं. पोलाद उत्तम होतं, चावीचं भोक कच्चं होतं.

आमच्याकडच्या डिस्क लॉकांत तसलं गोल भोक अजून दिसतं. घेताना पाहा.

२९
ग्राइंडरचं चाकच झिजवून टाकणारी कुलपं ब्रिटनमध्ये बाजारात आली आहेत. पोलादावर कठीण सिरॅमिक मिसळलेला थर. चाक चार-पाच वेळा बदलावं लागतं, बॅटरी संपते. त्यांची किंमत आमच्या गल्लीतल्या काही गाड्यांच्या आजच्या आयडीव्हीच्या आसपास जाते.

३०
नालासोपारा पूर्व, चाळ. घरोघरी जेवण पोहोचवणारा मुलगा, वय बावीस. गाडी दारातून गेली, तो आत झोपला होता. भिंत एका विटेची.

“हप्ता पाच तारखेला जातोच. अजून एकोणीस राहिलेत.” सध्या भाड्याच्या सायकलवर काम करतो. सायकलला साखळी नाही, जेवण द्यायला वर जाताना ती खांद्यावर घेतो. चौथ्या मजल्यापर्यंत.

त्याला विचारलं, गाडी होती तेव्हा काय लावायचास? “केबल. काळी. जाड होती चांगली.” अंगठा आणि बोट बारा मिलिमीटरवर धरून दाखवलं.

३१
भारतीय न्याय संहिता, कलम ३०३(२): चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ च्या आधी भादंवि ३७९, तीही तीन वर्षांपर्यंत.

३२
शेडमध्ये दुसरा रविवार. मित्राने स्वतःहून दोन कड्या बनवल्या. सोळा मिलिमीटरची सळई वाकवून, पाय बाहेर फाकवून, म्हणजे काँक्रीटमध्ये धरून राहतील. पैसे घेतले नाहीत. “सोसायटीने नाही म्हटलं तर चाळीत बसवू. त्या पोराच्या दारात. पुढची गाडी घेईलच ना कधीतरी.”

सळई मऊच आहे, हेही त्याने सांगितलं. हीट ट्रीटमेंटवाल्याकडे टाकली. त्याने मंगळवारी या म्हटलं.

३३
मंगळवार. कड्या आल्या. निळसर-काळ्या, तेलाचा वास. कानस ओढली. घसरली.

हीट ट्रीटमेंटवाला आमच्याकडे बघत होता. त्याने स्वतः कानस घेतली आणि दुसऱ्या बाजूने ओढून पाहिली. मग विचारलं, अशा किती लागतील?

३४
पहाटे पावणेचार. तिसऱ्या इमारतीतले वॉचमन दादा अंधेरीच्या पहिल्या पाळीला निघतात. गाडी स्टेशनबाहेर, परत यायला संध्याकाळचे सहा. चौदा तास. त्यांनी दहा मिलिमीटरची चौकोनी साखळी घेतली आहे. परवडली ती तीच. मागच्या चाकातून, चौकटीतून, शेजारच्या मित्राच्या गाडीच्या चाकातून, आणि मग कुलूप. दोन गाड्या एकमेकींना बांधलेल्या. ही युक्ती त्यांची.

साखळी जमिनीपासून वर आहे का ते त्यांनी वाकून पाहिलं. एक वेढा जास्त दिला. विरारहून लोकल सुटल्याची घोषणा झाली तसे धावले.

३५
विरार पूर्वेला हार्डवेअरची दोन दुकानं तपासायची राहिली आहेत. उद्या संध्याकाळी. कानस घेतली.